मेनिंगोकॉकल मेंदूज्वर : घरात, वसतिगृहात, तालमीत कसा ओळखायचा आणि पहिल्या काही तासांत काय करायचं

आपल्याकडे तापाला दोन-तीन दिवस द्यायची पद्धत आहे. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल, दुसऱ्या दिवशी गल्लीतला दवाखाना, तिसऱ्या दिवशी रक्त तपासणी. फ्लू, टायफॉइड, साधा व्हायरल यांत हा हिशेब बहुतेक वेळा जमून जातो. मेनिंगोकॉकल आजारात तो जमत नाही. सकाळी डबा घेऊन शाळेला गेलेलं पोर त्याच रात्री अतिदक्षता विभागात असू शकतं. म्हणून पुढे जे लिहिलंय ते सगळं तासांच्या हिशेबानं लिहिलंय, आणि वाचतानाही तसंच वाचावं.

आधी हे स्पष्ट असू दे की हा आजार आपल्या भागात दुर्मीळ आहे. तापानं फणफणलेल्या शंभर मुलांत एकालाही तो नसेल, अशीच शक्यता जास्त. भारतातल्या नोंदलेल्या मोठ्या साथी दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 साली झाल्या, पुढे 2008-09 मध्ये मेघालय आणि त्रिपुरात. तरीही कोल्हापूरकरानं हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा जंतू जिथं दाटीनं माणसं झोपतात तिथं पसरतो, आणि अशा जागा आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, तेव्हापासून हे वसतिगृहांचं गाव आहे. त्यात तालमीत एका खोलीत राहणारे पैलवान, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले खोली वाटून घेणारे कामगार, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, हंगामात कारखान्याच्या कडेला खोपटात उतरलेली ऊसतोड कुटुंबं. थंडीतली कोरडी हवा, चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर आणि नुकताच होऊन गेलेला सर्दी-फ्लू यांनी नाका-घशाचं आतलं अस्तर दुबळं होतं, आणि जंतूला आत शिरायला वाट मिळते.

जंतू कसा वागतो

नायसेरिया मेनिंजायटिडिस हे त्याचं नाव. त्याचे बरेच गट आहेत, पण माणसाला गंभीर आजारी पाडतात ते मुख्यतः ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. भारतातल्या साथी प्रामुख्यानं ए गटाच्या. साधारण दहा माणसांतल्या एकाच्या घशात हा जंतू काहीही त्रास न देता बसलेला असतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो थुंकीच्या तुषारांतून : खोकला, शिंक, मुका, एकाच तांब्याला तोंड लावून पाणी, रात्रभर शेजारी झोपणं. लागण झाल्यापासून आजार दिसायला बहुधा तीन-चार दिवस लागतात, जास्तीत जास्त दहा.

घशातून तो रक्तात उतरला की दोन वाटा असतात. मेंदूभोवतीच्या आवरणात पोचला तर मेंदूज्वर होतो. रक्तातच फोफावला तर रक्तवाहिन्या गळायला लागतात, कातडीखाली रक्त साकळतं, रक्तदाब कोसळतो. ही दुसरी वाट जास्त वेगवान आणि जास्त जीवघेणी. त्यात मान आखडलेली नसते, उजेडाचा त्रास नसतो, आणि म्हणून घरचे गाफील राहतात. वेळेवर उपचार मिळूनही शंभरातले दहा-पंधरा रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी शंभरातल्या दहा-वीस जणांना बहिरेपण, मेंदूची इजा किंवा हात-पाय-बोटं गमावणं असं काहीतरी मागे राहतं.

डासांचा इथं काही संबंध नाही. मेंदूज्वर म्हटलं की लोकांना जपानी मेंदूज्वर आठवतो आणि गल्लीत धूरफवारणीची मागणी होते. या आजारात तिचा उपयोग शून्य.

पहिले आठ तास : काय बघायचं

सुरुवात अगदी साधी असते. ताप, अंगदुखी, डोकं दुखणं, एखादी उलटी, नरडं दुखणं. यावरून कुणीही, डॉक्टरही, हा आजार ओळखू शकत नाही. पण ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन खुणा लवकर, सरासरी आठ तासांच्या आसपास, दिसल्याचं आढळलं : पाय दुखणं, अंग तापलेलं असताना हात-पाय गार पडणं, आणि कातडीचा रंग बदलणं. मान आखडणं, डाग, शुद्ध हरपणं या पुस्तकी खुणा तेरा ते बावीस तासांनी आल्या. त्याच अभ्यासात, पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्मी मुलं रुग्णालयात पाठवली गेली होती. एकदा दाखवून आलो म्हणजे काम झालं असं समजून कुणी स्वस्थ झोपू नये, ते यासाठीच.

मग घरी करायचं काय? पोराचं पोट चाचपा, छाती चाचपा, मग तळहात-तळपाय. छाती तव्यासारखी आणि तळपाय बर्फासारखे, असा फरक असेल तर तो लक्षात ठेवा. हाताच्या बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं बोट दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. जास्त वेळ लागत असेल तर रक्त हातापायापर्यंत नीट पोचत नाही. साध्या तापात थंडी वाजून येतानाही हात गार पडतात हे खरं, पण ती थंडी ओसरली की हात गरम होतात. इथं ते गारच राहतात, आणि ओठ-नखं निळसर किंवा राखाडी दिसायला लागतात.

तालमीत आणि खेळाडूंच्या वसतिगृहात एक वेगळा धोका आहे. पोरगं म्हणतं, "पाय भरून आलेत, मान धरलीय," आणि शेजारचा म्हणतो, "काल बैठका जास्त मारल्यास." व्यायामाच्या दुखण्यानं ताप येत नाही. ताप आणि पायदुखी, किंवा ताप आणि मानदुखी, अशी जोडी दिसली की वस्तादांनी मालिश थांबवून पोराला दवाखान्यात न्यावं.

तान्ह्या बाळात मान आखडेलच असं नाही, आणि ताप असेलच असंही नाही. उलट अंग गार पडू शकतं. बाळ दूध ओढत नाही, कण्हल्यासारखं किंवा किंचाळल्यासारखं रडतं, उचलून घेतलं की शांत व्हायच्या ऐवजी जास्तच रडतं, चिंध्याच्या बाहुलीसारखं सैल पडतं, टाळू फुगून वर येते. आई "आज हिचं काहीतरी वेगळंच आहे" म्हणत असेल तर तेवढं एक कारण बाळाला तपासून घ्यायला पुरेसं आहे. त्या वाक्याला माझ्या लेखी थर्मामीटरपेक्षा जास्त वजन आहे.

काचेची चाचणी

डाग सुरुवातीला टाचणीनं टोचल्यासारखे बारीक, लाल-जांभळे असतात. काही तासांत ते पसरून जखमेच्या निळ्या-काळ्या चट्ट्यांसारखे दिसतात. साधं पुरळ दाबलं की फिकं होतं, कारण रक्त अजून वाहिनीत असतं. इथं रक्त वाहिनीबाहेर सांडलेलं असतं, म्हणून दाबलं तरी रंग जात नाही.

पातळ काचेचा स्वच्छ पेला घ्या. कपडे पूर्ण काढा. डाग बहुतेक वेळा कमरेच्या नाडीखाली, मोज्याच्या कडेला, पोटावर किंवा पायांवर आधी दिसतात आणि चादरीखाली तसेच राहतात. खोलीतला पिवळा दिवा पुरणार नाही, मोबाइलचा टॉर्च लावा. पेल्याची बाजू डागावर घट्ट टेकवून काचेतून बघा. भोवतालची कातडी फिकी पडेल. डागही फिका पडला तर जरा बरं. डाग तसाच दिसत राहिला तर कपडे घाला आणि निघा.

आपला रंग गहू-सावळा असल्यानं डाग चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालची पापणी ओढून तिच्या आतला भाग आणि तोंडात टाळा हे फिक्या रंगाचे भाग टॉर्चनं मुद्दाम बघा. डाग नसतील तर दर तासा-दोन तासांनी पुन्हा बघा, रात्रीही. डाग दिसण्याची वाट बघत घरी थांबणं मात्र घातक. कित्येक रुग्णांत डाग अखेरीस येतात, काहींत येतच नाहीत.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास हमखास प्रश्न येतो : "डेंगीत पण असे डाग येतात की." येतात, आणि तेही काचेनं जात नाहीत. ते घरी बसून ठरवायचं नसतं. तापाबरोबर न मिटणारे डाग, मग आजाराचं नाव काहीही निघो, रुग्णालयाचंच काम आहे. "गोवर अंगावर आलाय, बाहेर पडू दे" म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर निजवणं, किंवा बरळतोय म्हणून "बाहेरचं" बघायला नेणं, यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत. दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढा, गाडी आल्यावर थांबू नका.

कधी एक मिनिटही थांबायचं नाही

तापाबरोबर पुढचं एक जरी दिसलं तरी निघायचं : काचेनं न जाणारे डाग, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, झटका, हनुवटी छातीला न टेकण्याइतकी आखडलेली मान, उजेड सहन न होणं, गार राखाडी हात-पाय, धाप. पॅरासिटामॉलनं ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. ताप उतरूनही पोर टवटवीत झालं नाही, पाणी मागत नाही, ओळख देताना अडखळतं, तर ते जास्त काळजीचं. ताप किती चढला यापेक्षा माणूस तासातासाला कुठं चाललाय ते बघायचं.

108 ला फोन लावा आणि मुद्द्याचं बोला. "चौदा वर्षांचा मुलगा. सकाळपासून ताप. आता बरळतोय. पोटावर जांभळे डाग आहेत, काचेनं दाबले तरी जात नाहीत. अमुक गाव, अमुक शाळेजवळ." एवढं पुरतं. 108 च्या गाडीत डॉक्टर असतो. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीनं निघा. वडाप भरायची वाट बघू नका, आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर नेऊ नका. आधार आणि रेशन कार्ड हाताशी असेल तर घ्या, शोधत बसू नका. मागून कुणीतरी आणेल.

कुठं न्यायचं? अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे डॉक्टर चोवीस तास असतील तिथं. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. ऐपत आणि अंतर पाहून मोठं खासगी रुग्णालयही चालेल. चंदगडकडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ आहे, त्यानं जिल्ह्याची हद्द बघत बसू नये. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यांतून निघताना वाटेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला आधी फोन करावा. तिथले डॉक्टर तपासून सेफ्ट्रिअॅक्झोन या अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस देऊ शकले तर ते मोलाचं ठरतं. डोस किती दिला, किती वाजता दिला, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पण त्या इंजेक्शनसाठी पुढचा प्रवास अडकता कामा नये. रुग्णालयात रांगेत बसू नका. "ताप आहे आणि न जाणारे डाग आहेत" हे वाक्य दारातच, मोठ्यानं सांगा.

वाटेत रुग्णाला कुशीवर निजवा. झटका आला तर तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानं झटका थांबत नाही. झटका किती वेळ चालला ते घड्याळात बघा, डॉक्टर विचारतील. गुंगीत असलेल्याला पाणी किंवा गोळी पाजू नका, फुप्फुसात जाते. घरात उरलेली अँटिबायोटिक गोळी देऊन बघण्याचा मोह टाळा.

"पाठीतलं पाणी काढायचंय"

हे ऐकलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो, ही समजूत गावोगावी पक्की बसलेली आहे, आणि सही देण्याच्या वादात तपासणी लांबते. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे तो टोचला जायची भीती नसते. काढतात ते काही मिलिलिटर पाणी, आणि शरीर ते पुन्हा तयार करतं. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. या पाण्यावरून कळतं की जंतू कोणता, औषध कोणतं, किती दिवस, आणि घरातल्या इतरांना गोळी लागेल का.

कधी डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात. रक्तदाब पडलेला असेल, रक्त गोठत नसेल किंवा मेंदूला सूज असल्याची शंका असेल तर ते योग्यच. अशा वेळी रक्ताचा कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेऊन औषध लगेच सुरू होतं. तपासणीसाठी अँटिबायोटिक थांबवून ठेवणं चुकीचं. औषध सुरू झाल्यावरही पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत, जंतू सापडू शकतो. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच : "डॉक्टर, पहिलं इंजेक्शन गेलं का?"

घरच्यांनी आणि खोलीतल्यांनी काय करायचं

एकाला हा आजार झाला की त्याच घरात राहणाऱ्यांना तो व्हायचा धोका इतर लोकांच्या मानानं शेकडो पटींनी वाढतो, आणि पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून प्रतिबंधक औषध शक्य तर चोवीस तासांत द्यायचं. दोन आठवडे उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

औषध कुणाला? आजार सुरू होण्याआधीच्या सात दिवसांत जे त्या घरात, त्या खोलीत, त्या खोपटात झोपले त्यांना. मुके घेणाऱ्या, तोंडाला तोंड लागेल अशा नात्यातल्या माणसांना. पाळणाघरातल्या सोबतच्या मुलांना. मास्क न लावता श्वासनलिकेत नळी घातलेल्या किंवा तोंडानं श्वास दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला. पैलवानांच्या बाबतीत मी एक खोली हाच हिशेब धरीन, शिवाय ज्यांचं एकाच भांड्यातून थंडाई-पाणी चालतं ते जोडीदार. वर्गातल्या सगळ्या मुलांना, शेजाऱ्यांना, एसटीत थोडा वेळ बरोबर असलेल्यांना, भेटायला येऊन गेलेल्या पाहुण्यांना औषध लागत नाही.

मोठ्यांना बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिन 500 मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. किंवा रिफॅम्पिसिन दिवसातून दोनदा, दोन दिवस, मुलांना वजनावर. गरोदर बाईला सेफ्ट्रिअॅक्झोनचं एक इंजेक्शन. निवड डॉक्टरांनीच करायची, कारण दिल्लीच्या 2005 च्या साथीत सिप्रोफ्लॉक्सॅसिनला कमी दाद देणारे जंतू सापडले होते. रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र त्यानं कमी होतो, ते बाईला स्पष्ट सांगायला हवं. मेडिकलमधून गल्लीनं मिळून गोळ्या आणणं नको. औषध घेतलेल्यांनीही दहा दिवस डोळ्यांत तेल घालून स्वतःकडे बघायचं. ताप आला की लगेच रुग्णालय.

वसतिगृहाच्या रेक्टरांसाठी : त्या दिवशीच खोलीतल्या मुलांची यादी करा, नाव, खाट आणि पालकाचा फोन. जी मुलं सुट्टीला गावी गेली त्यांनाही फोन लावा. यादीत ती सर्वांत आधी सुटतात. पालकांना लपवून काही सांगू नका, आणि वसतिगृह रिकामंही करू नका. मुलं पांगली की औषध देता येत नाही आणि आजारी पडणारं पोर कुठल्यातरी वाडीत एकटं सापडतं. भिंती धुणं, गाद्या जाळणं, शाळा बंद करणं याची गरज नाही. शरीराबाहेर हा जंतू फार टिकत नाही. रुग्णालयात योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन चोवीस तास झाले की रुग्णाकडून लागण होत नाही. चार आठवड्यांत त्याच वसतिगृहात दुसरा रुग्ण निघाला तर मात्र व्यापक औषध आणि लसीचा निर्णय आरोग्य खात्यानं घ्यायचा असतो.

त्यासाठी खात्याला कळायला हवं. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकारी. खासगी रुग्णालयानंही निदानाची शंका आली त्याच दिवशी जिल्हा सर्वेक्षण यंत्रणेला कळवावं, कल्चरचा अहवाल येईपर्यंत थांबू नये. आशाताईंना सांगितलंत तरी बातमी वर जाते, आणि वाडीवस्तीवर तोच रस्ता जवळचा.

लस कुणी घ्यावी

बाळांच्या सरकारी वेळापत्रकात ही लस नाही. पेंटाव्हॅलंटमधली हिब आणि न्यूमोकॉकल या लसी आहेत, त्या मेंदूज्वराच्या इतर दोन मोठ्या कारणांना अडवतात, त्या चुकवू नयेत. मेनिंगोकॉकलची ए-सी-वाय-डब्ल्यू लस खासगीत मिळते, महाग आहे. प्लीहा काढलेली किंवा निकामी झालेली माणसं, पूरक प्रथिनांची (जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) जन्मजात कमतरता असलेली मुलं, प्रयोगशाळेत हा जंतू हाताळणारे आणि परदेशी वसतिगृहात शिकायला निघालेले विद्यार्थी यांनी ती घ्यावी. हज आणि उमराला ती सक्तीची आहे, सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. हजला सरकारी यंत्रणेतून जाणाऱ्यांचं लसीकरण होतं. उमराला खासगी टूरनं जाणाऱ्यांनी ते स्वतः बघावं आणि नुसत्या प्रमाणपत्रावर भागवू नये. 2000 सालच्या हजनंतर डब्ल्यू गटाचा आजार अनेक देशांत यात्रेकरूंबरोबर घरी गेला, आणि त्यांच्या घरच्यांनाही झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आफ्रिकेसाठी बनवलेल्या पाच गटांच्या लसीला 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. एक्स गटावर चालणारी ती पहिली लस.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदांत ऐकण्याच्या तपासणीचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर मागा. ती घरी सोडण्याआधी किंवा महिन्याभरात झाली पाहिजे. उशीर झाला तर आतल्या कानात हाड वाढून कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून आतल्या कानात घालायचं यंत्र) बसवणं अवघड होऊ शकतं. लहान मूल ऐकू येत नाही असं सांगत नाही. ते हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, आणि घरच्यांना वाटतं आजारानं हट्टी झालंय. सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. शाळेत बाईंना सांगून ठेवा की पोर काही महिने लवकर थकेल, विसरेल, चिडचिड करेल. पहिल्या बाकावर बसवा, आणि सहामाहीला मार्क कमी पडले तर त्यावरून रागावू नका.